सायन्सच्या नोकरीला कव्हर लेटर: लिहायचं की तो वेळ रेझ्युमेला द्यायचा?

सायबर_चौक

मे-जून आला की केमिस्ट्री, मायक्रो, बायोटेकची मुलंमुली रेझ्युमे दाखवायला घरी येतात. मी नोकरीची बहुतेक वर्षं औषध कंपन्यांच्या क्यूसीत (गुणवत्ता तपासणीत) काढून आता कोल्हापुरात परतलोय, म्हणून. प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला: "सर, कव्हर लेटर कसं लिहू?" माझं उत्तरही ठरलेलं: लिहू नका.

क्यूसी, प्रॉडक्शन, मायक्रो लॅब या जागा बऱ्याचदा वॉक-इनने भरतात. रविवारी सकाळी एखाद्या हॉटेलच्या हॉलबाहेर रांग. हातात रेझ्युमेच्या प्रती, मार्कशीट, फोटो, अनुभवी असाल तर पगाराच्या स्लिपा. टेबलापलीकडचा माणूस कागदावर नजर टाकतो आणि थेट विचारतो, "कॉलम कुठला होता? फ्लो किती ठेवलेला?" पत्र कुणी मागत नाही.

आणि ज्या रेझ्युमेवर हा प्रश्न येतो त्याची अवस्था काय? वर "टू वर्क इन अ चॅलेंजिंग एन्व्हायर्नमेंट". मग वडिलांचं नाव, जन्मतारीख, अविवाहित, छंद: वाचन आणि क्रिकेट. शेवटी "वरील माहिती खरी आहे", सही, ठिकाण कोल्हापूर. रास आणि नाडी घातली की स्थळ म्हणून फिरवायला तयार. प्रोजेक्टची मात्र एकच ओळ, नुसतं शीर्षक. किती कंपाउंड केले, टीएलसी प्लेटवर रिॲक्शन कशी बघितली, कॉलम लावला की रिक्रिस्टलायझेशन केलं, यील्ड किती आलं, आयआर-एनएमआरचे आलेख कुणी वाचले, काही नाही. दोन सेमिस्टर ज्यावर घालवली तेच गायब.

माझा आग्रह: एक पान. नाव, फोन, ईमेल, शहर. शिक्षण. प्रोजेक्टला चार-पाच ओळी. उपकरणांचे दोन भाग करायचे, "स्वतः चालवलेली" आणि "निकाल वाचता येणारी". ट्रेनिंग असेल तर ते. संपलं. पटत नसेल तर बोला.

पातळ_फिल्म

नाही पटलं सर. क्यूसीपुरतं तुमचं खरं आहे, पण सायन्सची नोकरी म्हणजे फक्त क्यूसी का? मी शिवाजी विद्यापीठात फिजिक्सला पीएच.डी. केली. आमच्याकडची नेहमीची वाट तुम्हाला माहीत असेल: केमिकल बाथ नाहीतर सिलारने, म्हणजे द्रावणांत आळीपाळीने बुडवून, पातळ फिल्म करायची, सुपरकपॅसिटर (वीज झटपट साठवणारं उपकरण) म्हणून तपासायची, पेपर लिहायचे. असा माणूस बॅटरीच्या आर अँड डीला अर्ज करतो तेव्हा पलीकडच्याला दिसते पेपरची यादी. त्याच्या मनात प्रश्न एकच: एक चौरस सेंटिमीटरच्या फिल्मवर काम केलेला हा प्राणी आमच्या कोटिंग लाईनवर काय करणार?

त्याचं उत्तर रेझ्युमेच्या कुठल्या रकान्यात लिहू? मी पत्रात लिहिलं. इलेक्ट्रोडवर मास लोडिंग (दर चौरस सेंटिमीटरवरचा माल) वाढवलं की कपॅसिटन्सचा आकडा कसा पडतो, थर सब्स्ट्रेटवरून सुटू नये म्हणून काय काय केलं, आणि पेपरमधला आकडा लोडिंग सांगितल्याशिवाय का फसवा असतो. मुलाखतीत सगळ्यात जास्त वेळ याच शेवटच्या वाक्यावर गेला. आणि एका पानात पीएच.डी. बसवायची म्हणजे हात-पाय कापावे लागतात. दोन पानं आणि एक पत्र, माझं म्हणणं हे.

कुरकुंभ_शिफ्ट

मी भरतीच्या बाजूला बसतो म्हणून आतलं सांगतो. पोर्टलवर एका जागेला अर्जांचा ढीग येतो. आम्ही शब्द टाकून शोधतो: एचपीएलसी, जीसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारी यंत्रं), डिसोल्युशन, मेथड व्हॅलिडेशन, ओओएस (मर्यादेबाहेरचा निकाल), २१ सीएफआर भाग ११ (इलेक्ट्रॉनिक नोंदींचा अमेरिकी नियम). मग नोटीस पिरियड, चालू पगार, शहर. जे वर येतात ते विभागप्रमुखाकडे जातात. पत्राची फाईल मी उघडत नाही, खोटं कशाला बोलू.

एक पान की दोन यानं मला फरक पडत नाही. फरक पडतो त्या दोन रकान्यांच्या रंगीत डिझाईननं. डावीकडे पट्टी, त्यात फोनचं चित्र, कौशल्याचे दांडे: "जीसी ८० टक्के". ८० टक्के जीसी म्हणजे काय हो? शिवाय असा कागद सॉफ्टवेअरनं वाचला की शिक्षण अनुभवात आणि अनुभव पत्त्यात जातो. साधा वर्ड, एक रकाना, तारखा सरळ.

शहराचं पण सांगतो. कोल्हापूर लिहिलेल्या फ्रेशर मुलींचे अर्ज बऱ्याचदा मागं पडतात, कारण घरचे शिफ्टला पाठवणार नाहीत असं आम्ही गृहीत धरतो.

उचगावची

गृहीत धरता म्हणजे? फोन करून विचारायला किती पैसे पडतात? आणि मुलांच्या बाबतीत धरता का हेच?

तुमच्याच तोंडून आलं ते बरं झालं, कारण पत्र कशासाठी हे त्यातच आहे. मी मायक्रोची. पहिली नोकरी दूध डेअरीच्या लॅबमध्ये: मिथिलीन ब्लू, कोलिफॉर्म, एसपीसी (जिवाणूंची एकूण मोजणी), टँकर आला की फॅट-एसएनएफची घाई. तिथून औषध कंपनीच्या मायक्रोला अर्ज करायला लागले तेव्हा "डेअरी" वाचूनच बाजूला ठेवत असणार. मग ईमेलमध्येच चार वाक्यं घातली. प्लेट काउंट, मीडिया तयार करणं, ग्रोथ प्रमोशन (मीडियावर जंतू नीट वाढतात का ते बघणं), ॲसेप्टिक काम हे सगळं रोजचं आहे. एन्व्हायर्नमेंटल मॉनिटरिंग (हवेतले, पृष्ठभागांवरचे जंतू मोजणं) केलेलं नाही, शिकायचं आहे. रात्रपाळीची सवय डेअरीतच झाली. राहण्याची सोय मी बघीन. बोलावणं आलं. कशामुळे आलं ते छातीठोक सांगता येणार नाही, पण मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी सुरुवात "डेअरीत ग्रोथ प्रमोशन करता?" इथूनच केली.

सायबर_चौक सर, रेझ्युमे वाचून समोरच्याच्या मनात शंका येणार असेल, म्हणजे क्षेत्र बदलताय, मधे गॅप आहे, गाव लांब आहे, तर ती शंका आपणच आधी खोडायची. त्याला पत्र म्हणा नाहीतर आणि काही. शंका येणारच नसेल तर नका लिहू.

कुरकुंभ_शिफ्ट

मान्य, मुलांना विचारत नाही. ईमेलचा मजकूर मात्र मी वाचतो, तो समोरच उघडतो. जोडलेली फाईल नाही. "राहण्याची सोय मी बघीन" असं वाचलं तर मी तरी अर्ज पुढं ढकलीन.

शिरोली_स्पेक्ट्रो

तुमचं सगळं औषधातच चाललंय. फौंड्रीत बी लॅब असतीय की! शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलला जावा, मोठ्या फौंड्रीत एक स्पेक्ट्रोमीटर (धातूत काय किती हाय ते मोजणारा), एक सँड लॅब, एक मायक्रोस्कोप हायच. केमिस्ट्री-फिजिक्सच्या पोरांना तिथं काम मिळतंय, पण पोरं अर्जच करत नाहीत. केला तर पत्र येतंय कसलं? "युवर एस्टीम्ड फार्मास्युटिकल ऑर्गनायझेशन". अरे, माझ्या दारात वाळूचा ढीग हाय, गोळ्या कुठनं करू? चॅटजीपीटीनं लिहिलं, ह्यानं न वाचता चिकटवलं. असलं पत्र न पाठवल्यालं बरं, म्हणून मी सायबर चौकवाल्या सरांच्या बाजूनं.

मी रेझ्युमे बघतो आणि दोन प्रश्न विचारतो. कास्ट आयर्नचा स्पेक्ट्रोचा सॅम्पल चिल्ड का पायजे? वाळूत ओलावा वाढला की परमिएबिलिटीचं (वायू आरपार जाऊ देण्याचं) काय हुतंय? पहिल्याचं उत्तर एम.एस्सी.च्या पोराला विचार करून देता येतंय: ग्रॅफाईट मोकळा राहिला तर कार्बनचं रीडिंग चुकतंय, झटक्यात थंड केला की पांढरं लोखंड हुतंय आणि बरोबर येतंय. पाठ नसलं तरी चालतंय, डोकं चालवताना दिसलं पायजे.

आणि एक. मागं एक पोरगं आलं. हंगामात साखर कारखान्याच्या लॅबला शिफ्टमध्ये बसल्यालं, रसाचं ब्रिक्स-पोल (विरघळल्यालं घनद्रव्य आणि साखर) रात्रंदिवस काढल्यालं. रेझ्युमेत त्याचा पत्ताच नाही! का, तर म्हणे, "सीझनल होतं ओ, आणि गावातलंच." त्या जागी काय लिहिल्यालं? ऑनलाईन कोर्सची सर्टिफिकेटं. आता काय म्हणायचं ह्याला.

राजारामपुरी_सातवी_गल्ली

मी यंदाच एम.एस्सी. झालोय, त्यामुळे हे सगळं माझ्यावरच चाललंय असं वाटतंय. सायबर_चौक सर, तुमच्या दोन भागांचा हिशोब मांडला. "स्वतः चालवलेली" मध्ये यूव्ही, पीएच मीटर, कंडक्टिव्हिटी मीटर. एक्सआरडी (स्फटिकरचना) आणि एसईएमला (सूक्ष्म चित्र) सॅम्पल विद्यापीठाच्या सीएफसीत, म्हणजे सामाईक उपकरण केंद्रात, दिलं, ऑपरेटरनं चालवलं, आम्हाला फाईल मिळाली. एचपीएलसीचा डेमो बघितलाय, बटणाला हात लावलेला नाही. खरं लिहिलं तर कुरकुंभवाल्या सरांच्या शोधात मी वर येणारच नाही. माझा मित्र सगळंच "हँड्स-ऑन" लिहितो. त्याला फोन येतात, मला नाही.

सायबर_चौक

फोन येतात, नोकरी लागली का?

शब्द कागदावर आला की शोधात सापडतो, त्यासाठी खोटं लिहावं लागत नाही. "एचपीएलसी: तत्त्व, रिव्हर्स फेज, क्रोमॅटोग्राम वाचन; प्रात्यक्षिक पाहिलेले." "एक्सआरडी: मिळालेल्या डेटावरून क्रिस्टलाईट साईज स्वतः काढला." दोन्हीत शब्द आहे आणि दोन्ही खरं आहे. शेररचं सूत्र वापरलंस ना? मग ते लिही, ऑपरेटरला ते करावं लागत नाही.

इथे मी जरा कडक बोलणार. औषध कंपनीत पहिल्या आठवड्यात शिकवतात ते ॲलकोआ, म्हणजे नोंदी ठेवण्याचे पाच नियम. नोंद कुणाची ते कळलं पाहिजे, वाचता आली पाहिजे, काम करतानाच केलेली हवी, मूळ हवी, अचूक हवी. न केलेलं काम केलं म्हणून लिहिणं हाच तिथला सगळ्यात मोठा गुन्हा. अमेरिकेच्या एफडीएनं भारतातल्या कारखान्यांना डेटा इंटिग्रिटीवरून वॉर्निंग लेटर दिलेली आहेत आणि त्याचा फटका अख्ख्या प्लांटला बसतो. ज्याच्या रेझ्युमेतच न हाताळलेलं मशीन आहे त्याच्या हातात मी लॉगबुक देणार नाही.

पातळ_फिल्म

तत्त्व बरोबर, पण जाहिरातींनाही ॲलकोआ लावा की! "फ्रेशर पाहिजे, एचपीएलसीचा दोन वर्षांचा अनुभव आवश्यक." हे कुठल्या प्रामाणिकपणात बसतं? मुलगा फुगवतो कारण कंपनी आधी फुगवते. सातव्या गल्लीच्या त्या मित्राला शिव्या देण्याआधी हे बघा.

कुरकुंभ_शिफ्ट

ती ओळ विभागाकडून तशीच येते, आम्ही चिकटवतो. चूक आहे. फ्रेशरने ती वाचून मागं फिरू नये, अर्ज टाकावा.

वडणगेकर

एवढी चर्चा कशाला? शेवटी ओळख लागते. कंपनीत आपला माणूस असला की रेझ्युमे कसाही चालतो.

उचगावची

आपल्या माणसाला व्हॉट्सॲपवर काय पाठवता? "दादा, काही असेल तर बघा ना." तो दादा पुढे साहेबाला काय सांगणार? मी आता त्या दादाच्या जागी आहे. असे मेसेज मलाही येतात आणि मला काही करता येत नाही. कुठल्या विभागात, काय येतं, कधीपासून मोकळे, हे तीन ओळींत लिहिलं तर मी तेच्या तेच पुढे पाठवते. मग ओळख उपयोगी पडते.

राजारामपुरी_सातवी_गल्ली

सगळं वाचून मजकूर केलाय. पाठवायचा इंग्रजीत आहे, इथे मराठीत टाकतो.

"आदरणीय सर/मॅडम, मी अत्यंत प्रेरित व मेहनती उमेदवार असून क्यूसी ट्रेनीच्या जागेसाठी अर्ज करत आहे. एम.एस्सी. ॲनॅलिटिकल केमिस्ट्री, यंदा उत्तीर्ण. प्रोजेक्टमध्ये यूव्ही पद्धतीने पाण्यातल्या रंगद्रव्याचं प्रमाण काढलं. कॅलिब्रेशन, लिनिअरिटी आणि रिपीटेबिलिटी स्वतः केली. एचपीएलसी चालवलेलं नाही, तत्त्व माहीत आहे, प्रशिक्षणाची तयारी आहे. तिन्ही पाळ्यांना तयार, आठवड्यात रुजू होऊ शकतो."

सायबर_चौक

हे पत्र नाही, ईमेल आहे, म्हणून माझा विरोध नाही. कव्हर लेटर म्हणून वेगळी फाईल जोडायला माझा विरोध अजून आहे. लिनिअरिटीची रेंज आणि आर-स्क्वेअर टाक, दोन आकड्यांनी जागा अडत नाही.

पातळ_फिल्म

सर, म्हणजे पत्र चालतं, फक्त जोडायचं नाही! आर अँड डीला मात्र पान भरून लिही बाबा, तिथे वाचणारा शास्त्रज्ञ असतो.

शिरोली_स्पेक्ट्रो

पहिलं "अत्यंत प्रेरित" तेवढं काढ भावा, बाकी झकास. कॅलिब्रेशन करतोस म्हणतोस तर फौंड्रीला बी एक अर्ज टाक, फक्त वर फार्मास्युटिकल लिहू नको. आणि फाईलचं नाव "रेझ्युमे न्यू फायनल २" हाय काय बघ. तुझं नाव घाल त्यात, माझ्याकडं असल्या फायनल लय पडल्यात.