आबाजीला रात्री मरणाचं भेव वाटते, काय करू?

प्रश्न: आमचं गाव दर्यापूर तालुक्यात. आबाजी ८१ वर्षांचे. पोळ्याच्या आधी त्यांचे भजनातले सोबती वारले, तेव्हापासून रात्री दोनला उठून बसतात. "मले एकट्याले झोपवू नोको," म्हणतात. हरिपाठ तोंडपाठ, तरी हात थरथरतात. ते पाहून मलाच रडू येतं.

उत्तर १: भक्ती कमी पडली असं चुकूनही म्हणू नका. माझ्या मायचंही असंच झालं होतं. मी माझी बाज तिच्या बाजेला लावली अन् विचारलं, "कायचं भेव वाटते?" मरणाचं नव्हतंच. दवाखान्यात नळ्या लावून एकटं पडायचं होतं. घरीच ठेवू, असा शब्द दिला. मग झोपली. (झोपमोड गोळ्यांमुळंही होते, डॉक्टरांना एकदा विचारा.)

उत्तर २: संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेला न्या. तुकडोजी महाराजांची ही शिकवण आपल्याकडं अजून गावोगाव टिकून आहे. मुलगा गेल्याचं कळूनही गाडगेबाबांनी कीर्तन चालू ठेवलं, ही गोष्ट मात्र आत्ताच सांगू नका. आधी त्यांना सोबत्यासाठी रडू द्या.

प्रश्नकर्ता: काल बाज लावली, विचारलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मी गेल्यावर बैल इकशीन काय रे?"