रि: रि: तालमींचं कॅलेंडर, नागपूरला अजून जुनीच वेळ

सचिव (न्यू जर्सी):
मंडळी, आपल्या नाटकाची नागपूर-न्यू जर्सी अशी एकत्र होणारी शनिवारची तालीम धरमपेठेतल्या चौघांना आउटलुकात अजून सहालाच दिसते आहे. गूगलवर साडेसहा करून आठवडा होत आला. परत तेच. कॅलेंडरचा पत्ता (लिंक) पुन्हा खाली देते आहे, सगळ्यांनी जोडून घ्या.

तांत्रिक बाजू (नागपूर):
ताई, आठवडाभर बदल येत नाही म्हणजे हा उशीर नव्हे. त्या चौघांनी ‘अपलोड फ्रॉम फाइल’ केलं असणार. त्यात त्या दिवशीची नक्कल बसते, पुढचा एकही बदल येत नाही. ‘अ‍ॅड कॅलेंडर’मध्ये ‘सबस्क्राइब फ्रॉम वेब’ घ्यायचं आणि तिथे .आयसीएसवर संपणारा पत्ता चिकटवायचा. त्यानंतरही बदल लगेच दिसणार नाही. आउटलुक आपल्या सवडीने काही तासांनी पाहतं, कधी दिवसही लागतो. त्यामुळे आज संध्याकाळची वेळ बदलली तर कॅलेंडरच्या भरवशावर राहू नका, फोन करा.

फाइल स्वतःच्या मुख्य कॅलेंडरात ओतली असेल तर सहा आणि साडेसहा दोन्ही दिसतील. जुन्या आउटलुकात ‘चेंज व्ह्यू’मधून ‘लिस्ट’ घ्या, विषयानुसार लावा, तालमीच्या जुन्या नोंदी एकगठ्ठा निवडून उडवा.

आणि वरच्या मेलमध्ये गेला तो ‘सीक्रेट अ‍ॅड्रेस’ आहे. ज्याच्या हाती तो लागेल त्याला सगळं दिसेल, पात्रांचे फोन नंबरसुद्धा. यादीवर नको होता.

खजिनदार:
जोडलं. पण मला त्यात हॉलचं भाडं भरल्याची नोंद टाकता येत नाही. का?

तांत्रिक बाजू (नागपूर):
कारण सबस्क्रिप्शन एकतर्फी असतं, फक्त वाचण्यापुरतं. लिहायचं तर गूगलमध्येच, आणि त्यासाठी तुमच्या खात्याला ‘मेक चेंजेस टू इव्हेंट्स’ हक्क हवा.

सचिव (न्यू जर्सी):
हक्क मी आणि नाटक समिती, बस. गणपतीच्या वेळी काय झालं होतं ते सगळ्यांना माहीत आहे. भाड्याचं वेगळ्या शीटमध्ये लिहा.

खजिनदार:
शीटचे हक्कही तुमच्याकडेच आहेत.

नाटक समिती (नागपूर):
हक्काचं नंतर पाहा ना भाऊ. 7 नोव्हेंबरचं काय करून राहिले? दर शनिवारच्या तालमींची मालिका आम्ही टाकली, भारतीय वेळेत, संध्याकाळी साडेसहा. 1 तारखेला हिवाळ्यासाठी तुमचं घड्याळ एक तास मागं गेलं की तुम्हाले ती सकाळी नऊऐवजी आठला दिसते, अन् तुमचा हॉल उघडते नऊला. टाइम झोन न्यू यॉर्कचा केला तर इकडे साडेसात होते, आमचा हॉल साडेआठला बंद. दोन तासांची तालीम एका तासात कशी बसवाची? पात्रं इकडे जास्त आहेत, झोन इकडचाच राहू द्या.

सचिव (न्यू जर्सी):
पात्रं तिकडे, दिग्दर्शक इकडे. शिवाय 8 ला लक्ष्मीपूजन, 7 ला तिकडे येणार कोण?

तांत्रिक बाजू (नागपूर):
वेळ कोणतीही ठरवा, पण बदल करताना ‘ऑल इव्हेंट्स’ दाबू नका, झालेल्या तालमीही सरकतील. 7 ची नोंद उघडा, वेळ आणि तिच्या शेजारच्या ‘टाइम झोन’मध्ये हवा तो बदल करा आणि सेव्ह करताना ‘दिस अँड फॉलोइंग इव्हेंट्स’ घ्या. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडचं घड्याळ पुन्हा पुढे जाईल, म्हणून ही मालिका फेब्रुवारीअखेर संपवा.

तान्हा पोळ्याची नोंदही दुरुस्त करून घ्या. रात्री बारा ते बारा टाकल्यामुळे न्यू जर्सीत ती आदल्या दिवशी दुपारी अडीचला सुरू होते. ‘ऑल डे’ची खूण केली की तारीख हलत नाही.

सीक्रेट पत्ता रीसेट करा. मात्र रीसेट केल्यावर सध्या जोडलेल्या सगळ्यांचं सबस्क्रिप्शन बंद पडेल, नवा पत्ता एकेकाला वेगळा पाठवावा लागेल.

सचिव (न्यू जर्सी):
रविवारी रात्री करते. नागपूरच्या लोकांना पत्ता नाटक समितीने पाठवायचा, मी नाही.

खजिनदार:
मला कोण पाठवणार?