हॉलला विटकरी, गेरू, मातकट पिवळा कुणी लावलाय का? सोलापूरकरांनो, अनुभव लिहा

दिवाळीआधी हॉल रंगवायचाय. ऑफ व्हाईटचा कंटाळा आलाय, डोक्यात विटकरी बसलाय. घरचे म्हणतात, "आधीच सोलापूरचं ऊन, त्यात भिंती तांबड्या!" फ्लॅट जुळे सोलापुरात, वरचा मजला, पश्चिमेला मोठी खिडकी. असा रंग लावून ज्यांनी उन्हाळा काढलाय त्यांनी लिहा. शेडकार्ड मीही पाहिलंय, राहून काय वाटतं ते सांगा.

होटगीरोडकर
आमच्याकडे टीव्हीमागची एकच भिंत विटकरी, बाकी तीन मलई रंगाच्या. उकाड्याचं म्हणाल तर आतल्या रंगाने काही फरक पडत नाही. मे महिन्यात पारा ४२-४३ वर गेला की वरच्या मजल्यावर तापतो तो स्लॅब, आणि तो रात्री उशिरापर्यंत तसाच असतो. त्यासाठी गच्चीवर पांढरा कोट मारा, भिंतीवर राग काढू नका. फरक पडतो तो उजेडाचा. सकाळी ही भिंत शांत तपकिरी दिसते आणि संध्याकाळी पाचला पश्चिमेचं ऊन आलं की नारिंगी पेटते. आम्हाला आवडतं, पण पाहुणे पडदा ओढा म्हणतात. रात्री पांढऱ्या ट्यूबलाइटखाली मात्र हाच रंग मेलेला वाटायचा. ६५०० केल्विनची ट्यूब काढून ३००० चे पिवळसर दिवे लावले तेव्हा कुठे जीव आला. रंगावर खर्च करताय तर दिव्यांचेही पैसे बाजूला ठेवा.

शेंगाचटणी
मला नाही आवडला. सासूबाईंच्या हौसेने उत्तरेच्या लहान खोलीत लावला होता. भर दुपारी लाइट लावून लेकाचा अभ्यास. पुढच्या वर्षी फिकट केला.

ब्रशवाला
रंगकाम आमचा पिढीजात धंदा हाय, म्हणून जरा लांबड लावतो. विटकरी, गेरू, मातकट पिवळा ह्या शेडमध्ये लोखंडाचा ऑक्साइड असतो. तो उन्हानं उडत नाही आणि चुन्या-सिमेंटच्या खारानं बिघडत नाही. भडक लाल-पिवळे उडतात, हे उडत नाहीत. शिवाय ऑक्साइड लवकर झाकतो, दोन कोटात काम होतं. झगझगीत पिवळा कोटावर कोट खातो बघा.

पण पुट्टी नीट घासून घ्या की ओ! गडद रंगावर प्रत्येक लाट दिसते, त्यात चकाकीवाला रंग असेल तर खिडकीच्या बाजूची सगळी भिंत उघडी पडते. मॅट घ्या. मॅटवर नंतर डाग झाकायला गेलं तर ठिगळ दिसतं, म्हणून त्याच डब्यातला थोडा रंग राखून ठेवा. दोन डबे लागले तर आधी एकत्र कालवून घ्या, शेड हलत नाही. आणि बोअरच्या खाऱ्या पाण्यात केलेला गिलावा असेल, भिंतीला ओल असेल, तर आधी ती बंद करा. पांढरा क्षार ऑफ व्हाईटवर लपतो, विटकरीवर गावभर दिसतो.

माळवदावरची
आजोळचं घर जुन्या गावात, दगड-मातीच्या जाड भिंती, वर माळवद. तिथे चुन्यात पिवडी कालवून भिंती आणि खाली कावेचा तांबडा पट्टा असायचा. आता जुन्या घरांचं फॅड आलंय, सगळे हेच मागतात, पण भिंतीला पाठ टेकली की शर्ट पिवळा व्हायचा हे कुणी सांगत नाही. मामांनी तिथे प्लास्टिक इमल्शन मारून घेतलं, तर दोन पावसाळ्यांत फुगे आले, पोपडे पडले. मातीच्या भिंतीतली ओल चुन्यातून बाहेर जाते, इमल्शनमागे अडकते. जुनं घर असेल तर चुनाच बरा. डिंक घातला की रंग कमी सुटतो.

पूर्वभाग
आमच्या खोलीत पलंगावर सोलापुरी चादर, अंगावर सोलापुरी चादर, दिवाणावरही तीच (घरातच कारखाना, काय करणार). ते ठसठशीत चौकटींचं डिझाइन आणि मागे विटकरी भिंत, डोळ्याला विसावा म्हणून नाही. मग भिंत फिकट मातकट ठेवली आणि लाल चादरीलाच मिरवू दिलं. ज्यांच्याकडे साधे पांढरे अभ्रे आहेत त्यांनी खुशाल गडद करावा.

भाडेकरू
घरमालक खिळा ठोकू देत नाहीत तिथे रंग कुठला! मोठ्या प्लायवर विटकरी मारून ती दिवाणामागे उभी केलीय. घर बदललं की सोबत येते.

होटगीरोडकर
प्लायची कल्पना झकास! धागाकर्त्या ताई, तुम्हीही आधी तेच करा. सँपलचा छोटा डबा आणा, प्लायवर दोन हात द्या आणि ती पश्चिमेच्या खिडकीसमोर ठेवून सकाळी, पाचला आणि ट्यूबलाइटमध्ये बघा. घरच्यांनाही दाखवा, भांडण डबा उघडायच्या आधीच होऊन जाईल.

ब्रशवाला
आणि छत पांढरंच ठेवा ओ ताई, ते कुणाचं ऐकून रंगवू नका.