मदत हवी आहे: नॉर्वेत ओस्लो ते बर्गन रेल्वेने, स्वस्तात

सातारी_पोरगा: लोकहो, डोकं आउट झालंय. ओस्लो-बर्गन रात्रीच्या गाडीने जायचं म्हणतोय, एका रात्रीचं हॉटेल वाचेल. तिघं आहोत. युरेल पास (युरोपभर चालणारा रेल्वे पास) घेऊ की सुटी तिकिटं काढू? पटकन सांगा, दर रोज वर चाललेत.

नाना_फडताळे: तारीख? कोणाची वयं काय? राहता कुठे? कोणती वेबसाइट बघताय? हवेत गोळीबार करून काय होणार?

गारठलेला_गोट्या: थर्मल एकच जाड घेऊ नका, लोकरीचे दोन पातळ घ्या. मोजे पण लोकरीचेच. सुती मोजा एकदा भिजला की पाय गेला.

सातारी_पोरगा: कपड्यांचं विचारलं नव्हतं हो. पास की तिकीट?

बर्गनची_वहिनी: अरे, पास-तिकीट नंतर बघ. रात्रीच्या गाडीत बसून बघणार काय, खिडकीत स्वतःचं तोंड? या मार्गावर लोक बसतात ते वरच्या पठारासाठी. फिन्से स्टेशन १२२२ मीटरवर आहे, नॉर्वेच्या रेल्वेत याहून उंच स्टेशन नाही. तिथे मोटारीचा रस्ताच जात नाही. दार उघडलं की बर्फाचा भुगा आत डब्यात, चष्म्यावर, आणि समोरचा माणूस स्की घेऊन शांतपणे खाली उतरतो. डिसेंबरात ओस्लोला तीननंतर थोड्याच वेळात सूर्य मावळतो. म्हणून सकाळची पहिली गाडी धर. दुपारची घेतलीस तर पठार अंधारात. आणि डावीकडच्या खिडकीला बस.

मुलुंडचा_मुसाफिर: डावीकडे कशाला? मी उजवीकडून जास्त बघितलं.

बर्गनची_वहिनी: दादा, तुम्ही बर्गनहून परत येत असाल.

नाना_फडताळे: तारीख अजून आली नाही.

सातारी_पोरगा: सॉरी, राहिलंच. २४ डिसेंबर. मी जर्मनीत एमएस करतोय, आई-बाबा साताऱ्याहून माझ्याकडे येणार, मग तिघं नॉर्वेला.

नाना_फडताळे: हे आधी सांगायचं ना! युरोपात राहणाऱ्यांसाठी इंटररेल आणि बाहेरून येणाऱ्यांसाठी युरेल. म्हणजे तुला इंटररेल, आई-बाबांना युरेल. पण एकाच प्रवासासाठी पास म्हणजे पाव किलो मिरच्यांसाठी टेम्पो. वर आरक्षणाचे पैसे वेगळे. 'वी' या रेल्वे कंपनीच्या साइटवर सवलतीची तिकिटं बघ, लवकर काढशील तेवढी स्वस्त.

मुलुंडचा_मुसाफिर: असहमत. पास असला की मनात येईल तिथे उतरता येतं. वाटेतल्या मीर्दाल स्टेशनला उतरून फ्लामला उतरणारी डोंगरातली रेल्वे करा.

नाना_फडताळे: फ्लामला पास चालत नाही, फक्त सवलत मिळते. २० किलोमीटर, तासभराचा प्रवास, वेगळं तिकीट. विद्यार्थ्याच्या खिशाला परवडतंय का ते आधी विचारा.

कोल्हापुरी_चप्पल: नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाही, आई-बाबांना वेगळा व्हिसा लागेल.

बर्गनची_वहिनी: लागणार नाही. नॉर्वे शेंगेनमध्ये, म्हणजे सामाईक व्हिसाच्या देशांच्या गटात आहे. मुक्काम जास्त जर्मनीत, तर व्हिसा जर्मनीचा काढा, त्यावर इकडे येता येतं. आणि २४ तारखेचं ऐक: त्या दिवशी दुकानं दुपारीच बंद, २५ला सगळं चिडीचूप, गाड्याही कमी. २३लाच किवी किंवा रेमा या किराणा दुकानांतून ब्रेड, अंडी, दही घेऊन ठेव. पाणी विकत घेऊ नकोस, नळाचं पी.

काश्मीरप्रेमी_काका: एवढ्या पैशांत काश्मीर दोनदा होईल. बनिहाल-बारामुल्ला गाडीतून बर्फच बर्फ दिसतो.

नाना_फडताळे: काका, धागा नॉर्वेचा आहे.

सातारी_पोरगा: ठीक आहे, सुटी तिकिटं, २३ला सकाळची गाडी. हॉटेलची एक रात्र वाढली, बाबा कुरकुर करतील. शेवटचं एक: आई दोन किलो तूप आणणार म्हणतेय, चालेल ना?

बर्गनची_वहिनी: नाही रे. दूध आणि मांसाचे पदार्थ भारतातून युरोपात आणायला बंदी आहे, जर्मनीच्या विमानतळावरच काढून घेतील. शेंगदाण्याची चटणी आणा म्हणावं.

सातारी_पोरगा: वहिनी, आईला फोन तुम्हीच करा.