मदत हवी आहे: मायकेलअँजेलोच्या अपुऱ्या 'कैद्यां'वर मालकी कोणाची?

आमच्या वाचनगटात मायकेलअँजेलोने घडवलेल्या, पोप दुसरा ज्युलियस याच्या थडग्यावर बोलायचं आहे. काम 1505 मध्ये ठरलं, पोप 1513 मध्ये वारला, आणि वारसांशी पुन्हा पुन्हा नवे करार होत ते रोममध्ये 1545 मध्ये एकदाचं उभं राहिलं, मूळ आराखड्यापेक्षा कितीतरी लहान. इथवर पक्कं आहे.

अडलंय ते या थडग्यासाठी कोरायला घेतलेल्या पण नंतर वगळलेल्या, 'कैदी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुतळ्यांपाशी. फ्लोरेन्समधल्या 'अ‍ॅटलास'चं डोकं अजून दगडातच आहे, अंगावर दातेरी छिन्नीच्या रेघा स्पष्ट दिसतात. असे चार कैदी मायकेलअँजेलोच्या मृत्यूनंतर त्याच्या पुतण्याने फ्लोरेन्सचा शासक कोझिमो मेदिची याला दिले. सध्या पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात असलेले दोन तर मायकेलअँजेलोने स्वतःच हयातीत रोबेर्तो स्त्रोत्सी या फ्लोरेन्सच्या धनिकाला देऊन टाकले होते. पण करारांच्या काळात पैसे ज्युलियसकडून आणि नंतर त्याच्या वारसांकडून आले होते! मग हे पुतळे देण्याचा हक्क शिल्पकाराकडे कसा?

त्याच्या हयातीत लिहिलेली दोन्ही चरित्रं इंग्रजीतून वाचली. त्यात कामाचा मनस्ताप भरपूर आहे, मालकीबद्दल समाधानकारक काही सापडलं नाही. संग्रहालयांच्या संकेतस्थळांवरही फक्त कोणाकडून कोणाकडे गेले एवढंच. इटालियन येत नाही, त्यामुळे मूळ करार वाचता येत नाहीत. इंग्रजी, हिंदी किंवा मराठी काहीही चालेल. 'अपूर्णतेचं सौंदर्य' यावर बरंच वाचून झालंय, ते नको.

1542 च्या शेवटच्या करारात उरलेल्या पुतळ्यांबद्दल काही कलम आहे का? की त्या काळी कराराबाहेर पडलेला संगमरवर शिल्पकाराचाच मानला जाई?