मेंदूचे विकार खरोखर इतके सर्रास आढळतात का?

प्रश्न (पंचवटी, नाशिक): धाकट्या भावाला अपस्माराचे निदान झाल्यावर आमच्या गल्लीतच अशी आणखी दोन घरे असल्याचे कळले, हा योगायोग समजावा का?

उत्तर १: नव्हे. जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे. परंतु सोयरीक मोडेल या धास्तीने तो लपवला जातो, म्हणून दुर्मीळ भासतो.

उत्तर २: जागतिक आरोग्य संघटनेनुसार २०२१ मध्ये ३०० कोटींहून अधिक लोकांना मज्जासंस्थेचा काही ना काही विकार होता. अर्थात, त्यात अर्धशिशीही मोजलेली आहे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. काल झटका आला तेव्हा शेजारच्या काकूंनी कांदा फोडून त्याच्या नाकाशी धरला होता.

उत्तर १: कांदा, चप्पल काहीही नको. त्याला कुशीवर वळवावे, आणि झटका ५ मिनिटांत न थांबल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.