लाँगदोक-रूसियोंच्या चार बाटल्या आणि मे महिन्यातलं नागपूर : कोणती द्राक्षं, किती थंड, कशासोबत?

धरमपेठ_पश्चिम

नमस्कार मंडळी. दक्षिण फ्रान्सच्या लाँगदोक आणि रूसियों भागातल्या चार बाटल्या आहेत : पिकपूल द पिने (पांढरी), मिनेर्व्वा (लाल), फितू (लाल) आणि मोरी (लाल, बहुधा गोड). शनिवारी आठ जण जेवायला आहेत. आधी तळलेली पाटोडी, मग सावजी मटण आणि ज्वारीची भाकरी, शेवटी संत्रा बर्फी.

एकाही लेबलवर द्राक्षाची जात लिहिलेली नाही, ती कशी ओळखायची? लाल वाइन म्हणे खोलीच्या तापमानाला द्यावी, पण इथे कूलर लावूनही खोली ३४ अंशांवर असते. कोणती आधी, कशासोबत? आणि एखादी दिवाळीपर्यंत ठेवली तर टिकेल का?

तळघर

आधी द्राक्षं. या बाटल्यांवर एओसी किंवा एओपी, म्हणजे ठरावीक ठिकाणच्या नावाची कायदेशीर हमी, लिहिलेलं असेल. तिथे गावाचं किंवा भागाचं नाव हाच जातींचा पत्ता असतो. कोणत्या जाती चालतील, हेक्टरी उत्पादन किती, हे त्या नावाच्या नियमातच ठरलेलं असतं. त्याच भागातली 'पेई दोक' आयजीपी (मोठ्या प्रदेशाच्या नावाची, सैल नियमांची) बाटली असती तर जात सहसा समोरच छापलेली दिसली असती. एकाच जातीचं नाव छापायचं तर किमान ८५ टक्के द्राक्षं त्या जातीची लागतात.

तुमची पिकपूल सगळ्यात सोपी, त्यात पिकपूल ब्लाँ ही एकच जात. 'तो' (Thau) नावाच्या खारट सरोवराकाठची ही वाइन. उन्हाळा कडक असूनही या जातीची आंबटाई टिकून राहते, म्हणून सरोवरातल्या कालवांबरोबर तिकडे हीच पितात. तळणावर लिंबू पिळल्यावर जे होतं, तेच ती करते. वय वाढवण्यात अर्थ नाही, ताजी प्यायची.

फितूला १९४८ साली स्वतःचं नाव मिळालं, लाँगदोकच्या साध्या लाल वाइनमध्ये सगळ्यात आधी. मुख्य जाती कारिन्याँ आणि ग्रनाश, सोबत सिरा आणि मूरवेद्र. मिनेर्व्वामध्ये सहसा सिरा, ग्रनाश, मूरवेद्र यांचा जोर, कारिन्याँ थोडी. सिरा म्हणजे आपल्याकडे नाशिकच्या बाटल्यांवर जिला शिराझ म्हणतात तीच.

मिश्रण का करतात हे कळलं की चव लगेच उलगडते. ग्रनाश उन्हात भरपूर साखर धरते, म्हणजे अल्कोहोल सहज १४.५ टक्के. पण तिचा रंग फिका, तुरटपणा कमी, आणि हवा लागली की ती लवकर विटकरी पडते. कारिन्याँ आंबट आणि तुरट, रंगाला पक्की. वेलीवर फार घड ठेवले तर मात्र बेचव. सिरा रंग आणि काळ्या मिऱ्याचा वास देते. मूरवेद्र सगळ्यात उशिरा पिकते, तिच्यामुळे वाइन टिकते. पण बाटलीत हवा न मिळाल्याने उघडताच कधीकधी उकडलेल्या अंड्यासारखा वास येतो. वाइन बिघडली असं समजू नका. रुंद तोंडाच्या काचेच्या भांड्यात ओतून अर्धा-पाऊण तास ठेवा, वास उडतो.

कारिन्याँचा खडबडीतपणा काढायची एक रीतही तिकडची. घड न चुरडता अख्खे टाकीत भरायचे, टाकी कार्बन डायऑक्साइडने भरायची आणि साधारण ३० अंशांवर आठ-दहा दिवस किंवा थोडं जास्त ठेवायची. मण्याच्या आतच आंबवण सुरू होतं, अल्कोहोल जेमतेम दोन टक्क्यांपर्यंत जातं, मॅलिक आम्ल घटतं, सालीतला तुरटपणा कमी उतरतो. मग घड दाबून उरलेलं आंबवण नेहमीसारखं. नार्बोनच्या मिशेल फ्लाँझी यांनी १९३४ पासून यावर काम केलं. तुमच्या फितूला पिकलेल्या चेरीचा मोकळा वास आला तर त्यात अशी कारिन्याँ असण्याची शक्यता मोठी.

मोरी गोड असते. ग्रनाशचा रस आंबत असतानाच त्यात ९६ टक्क्यांचं द्राक्षाचं स्पिरिट ओततात, रसाच्या ५ ते १० टक्के. यीस्ट थांबतं, उरलेली साखर तशीच राहते.

रामदासपेठ_संध्याकाळ

तळघर भाऊ, बाकी सगळं पटलं, मोरीबद्दल एक भर. २०११ पासून 'मोरी सेक' नावाची कोरडी (गोड नसलेली) लाल वाइनही त्याच गावच्या नावाने निघते. लेबलवर 'सेक' असेल तर ती बर्फीसोबत ठेवू नका, जेवणात घ्या. गोड असेल तर 'ग्रना' की 'त्युइले' ते बघा. ग्रना लवकर बाटलीत भरलेली, ताज्या काळ्या फळांची. उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवून आठवड्याभरात संपवा. त्युइले हवेच्या संपर्कात मुरवलेली, तिला अक्रोड, अंजीर, कॉफीचा वास. ती उघडल्यावरही काही आठवडे चांगली राहते.

आता तापमान, कारण शनिवारची मजा त्यावर आहे. 'खोलीचं तापमान' हे थंड देशातल्या दगडी घरांचं, १६ ते १८ अंशांचं. ३४ अंशांवर दिलेल्या फितूमधून आधी फक्त अल्कोहोल नाकात जाईल, फळाचा वास दबेल, गोडसर जाडपणा जाणवेल. माझे आकडे असे : पिकपूल ८ अंश, दोन्ही लाल १५, मोरी १४. ग्लासात ओतल्यावर नागपूरच्या मेमध्ये दर काही मिनिटांनी एखादा अंश चढतोच, म्हणून १५ ला सुरुवात करायची म्हणजे पिताना १८ च्या आसपास राहते.

फ्रीजमध्ये लाल बाटली खोलीच्या तापमानावरून १५-१६ वर यायला साधारण दोन-अडीच तास, पांढरी ८ वर यायला चार-पाच तास लागतात. घाई असेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी, दोन मुठी मीठ. बाटली मानेपर्यंत बुडवा. लाल दहा-बारा मिनिटं, पांढरी पंचवीस. नुसत्या बर्फात ठेवण्याची चूक बरेच जण करतात. खड्यांमधल्या हवेमुळे काच नीट गार होत नाही, पाणी हवंच. फ्रीझरमध्ये ठेवायची तर मोबाइलवर गजर लावा, विसरली तर बूच वर येतं.

७५० मिलिलिटरची बाटली आठ जणांत ९० मिलिलिटरप्रमाणे एकदा फिरते. त्यामुळे ग्लास लहान घ्या आणि एक तृतीयांशच भरा.

क्रम : पाटोडी तळून आली की पिकपूल. मग मिनेर्व्वा, मग फितू, शेवटी मोरी.

सावजीबद्दल मात्र सावध राहा. त्या रश्श्यातली मिरची आणि काळी मिरी अल्कोहोलने आणखी भडकते आणि तुरटपणा जिभेवर खरखरतो. १४.५ टक्क्यांची फितू झणझणीत रश्श्यावर जाळच वाढवेल. तेलाची तर्री काढून घ्या, मटणाचे तुकडे भाकरीसोबत आधी, वाइन त्याबरोबर, रस्सा नंतर.

तळघर

सेकची दुरुस्ती मान्य, ते राहून गेलं होतं. सावजीपुरता मात्र माझा कौल वेगळा. वाइनसाठी तर्री काढायला लावली तर ते सावजी उरत नाही. त्यापेक्षा थंडगार रोझे (गुलाबी वाइन) आणा. दक्षिण फ्रान्सच्या रोझेत सँसो आणि ग्रनाश असतात. सँसोची साल पातळ, तुरटपणा जवळजवळ नाही, म्हणून तिखटाशी भांडत नाही. ती मिळाली नाही तर नाशिकची कोरडी रोझे १० अंशांवर चालेल. दोन्ही लाल बाटल्या सावजीच्या आधी, भाजलेल्या वांग्याच्या भरताबरोबर किंवा शेकलेल्या पनीरबरोबर संपवा.

संत्रा बर्फीबरोबर लाल मोरीपेक्षा मुस्का द रिव्हझाल्त शोभली असती. मुस्का द्राक्षालाच संत्र्याच्या फुलाचा वास असतो. मोरीबरोबर गडद चॉकलेट किंवा अंजीर ठेवा.

धरमपेठ_पश्चिम

दोघांचेही आभार. लेबल बघितलं : सेक नाही, 'ग्रना' आहे. रोझे आणतो. आता एक पुढचा प्रश्न. ही जर उष्ण भागातली द्राक्षं, तर काटोलकडे ग्रनाश का होऊ नये?

काळी_माती

ऊन आपल्याकडे कमी नाही. तिकडेही २८ जून २०१९ ला एरो जिल्ह्यातल्या व्हेरार्ग गावी ४६.० अंश नोंदले गेले, फ्रान्समधला आजवरचा उच्चांक. वेली अक्षरशः भाजल्या, पानं करपली, मणी सुकले. भुरी या बुरशीरोगासाठी गंधक मारून उन्हाला तोंड दिलं तर नुकसान आणखी वाढतं. ३५ अंशांवर गंधकाची फवारणी कोणीच करू नये.

पण ती उष्णता कोरडी. पाऊस मुख्यतः शरद ऋतूत आणि हिवाळ्यात, उन्हाळा जवळपास कोरडा, वर त्रामोंतान हा वायव्येचा जोराचा वारा घड सुकवून टाकतो. म्हणून तिथे तार-मांडव नसलेली, झुडपासारखी छाटलेली वेल चालते. ग्रनाशचं लाकूड कडक, फांद्या सरळ उभ्या, वाऱ्याला टिकतात. सिराच्या फांद्या नाजूक, वाऱ्यात मोडतात, म्हणून तिला तारा लागतात. जमीन दगडी, मोरीला तर काळा शिस्ट, म्हणजे पातळ थरांचा खडक. पाणी थांबत नाही.

काटोलला जून ते सप्टेंबर मोसमी पाऊस, खाली काळी चिकण माती. पावसाळ्यात वेल वाढत राहते, केवडा हा बुरशीरोग पानांवर बसतो. दुसरं म्हणजे आपल्या हिवाळ्यात वेल खऱ्या अर्थाने झोपत नाही. म्हणून महाराष्ट्रात दोनदा छाटणी : एप्रिलमध्ये काडी तयार करायला, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळासाठी, आणि तोडणी फेब्रुवारी-मार्चला. तिकडे वेल मार्चअखेर फुटते, ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर तोडणी. ग्रनाशची एक जुनी खोड आहे, फुलोऱ्यात गारठा किंवा पाऊस आला की मणी धरतच नाहीत, घड विरळ राहतो. ऑक्टोबर छाटणीनंतर नोव्हेंबरात पाऊस झाला तर नेमका तिथेच फटका बसेल.

करून बघायचंच असेल तर मुरमाड उतार निवडा, गादीवाफा दोन फूट उंच, कलमासाठी खुंट डॉगरिज जातीचा, ओळी वाऱ्याच्या दिशेने. पहिल्याच वर्षी दहा-वीस वेलींपेक्षा जास्त लावू नका. संत्र्याच्या बागेची आळ्याने पाणी द्यायची सवय इथे घातक. ठिबकनेच द्या, आणि मणी रंग बदलू लागले की पाणी हळूहळू कमी करा.

रामदासपेठ_संध्याकाळ

दिवाळीचा प्रश्न राहिला. ठेवायचीच तर मिनेर्व्वा ठेवा. जागा स्वयंपाकघरातलं कपाट किंवा गच्चीखालची खोली नको. मे-जूनमध्ये तिथे ३५ च्या वर जातं, आतली वाइन फुगून बूच ढकलते, थेंब बाहेर येतो, आणि नंतर थंड झाल्यावर बाटली हवा ओढते. चव शिजवलेल्या मुरांब्यासारखी होते. फ्रीजचा भाजीचा कप्पा, वर्तमानपत्रात गुंडाळून, आडवी. सहा महिने तिथे सुखाने राहील. दिवाळीला उघडताना झाकणाखाली बुचाभोवती चिकट डाग दिसला तर आधी घोटभर ओतून चाखा, मगच पाहुण्यांसमोर आणा.